कार्बनची खोली

चाव्यांना लेबल लावायची मला सवय आहे. घरात कोणतीही चावी आली की त्याच दिवशी तिला पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचा, त्यावर मार्करने लिहायचं आणि दारामागच्या खिळ्यांवर अडकवायची. आमच्या थेरगावच्या फ्लॅटमध्ये अशी एक ओळच आहे. गच्ची, मीटरचा डबा, स्कूटर, सासूबाईंचं कपाट. शेवटच्या खिळ्यावर एक जुनी पितळी चावी आहे आणि तिच्या लेबलवर लिहिलंय, ‘कार्बन’.

पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच. मी सांगायला बसते आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणाहून सुरुवात करते. एरवी मी कामं क्रमाने लावणारी बाई आहे, पण त्या माणसाचा क्रम मला अजून लागलेला नाही.

सगळे त्यांना मालक म्हणायचे. चाकणच्या पुढे एका गावाच्या कडेला त्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या. बहुतेक जमीन एमआयडीसीत गेलेली. उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची एक लांब ओळ, ओळीसमोर गोठा, गोठ्यात एकच म्हैस. खोल्यांच्या मागे लगेच एका कंपनीची निळ्या पत्र्याची भिंत होती आणि त्या भिंतीपलीकडून दिवसभर एक घुमणारा आवाज यायचा. पहिल्या आठवड्यात तो डोक्यात जातो. नंतर तो ऐकू येत नाही, पण बंद पडला की माणूस दचकून उठतो.

मालक साठी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले. डोक्यावर पांढरी टोपी आणि पायात कंपनीचे सेफ्टी शूज. भाडेकरू नोकरी सोडून गावी जाताना बूट टाकून जात, ते मालक वापरत. दोन पायांत दोन वेगळ्या कंपन्यांचे बूट असले तरी त्यांना चालायचं. म्हणायचे, “दोनी जागी माझीच जमीन हाय.”

आणि हा माणूस बारावी सायन्सचा अभ्यास करत होता. मुक्त विद्यालयातून. तिथे वयाची अट नसते आणि एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो. अकरावीला असताना वडील गेले म्हणून त्यांनी शाळा सोडली होती. आता गणित झालं होतं, भौतिकशास्त्र चालू होतं, रसायन बाकी होतं. ‘कशाला करताय हे?’ असं विचारलं तर ते उत्तर द्यायचे, मात्र प्रत्येकाला निराळं. कुणाला सांगायचे की नातवाशी पैज लागलीय. कुणाला सांगायचे की झोप येत नाही म्हणून. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मी एकदा खरं कारण विचारलं. गोवऱ्या रचता रचता त्या म्हणाल्या, “मला सांगत्यात, तुज्या कटकटीपासून सुटका. तुमी कशाला खरं शोधताय?”

मला दिलेलं उत्तर मात्र माझ्या लक्षात राहिलंय. एका संध्याकाळी आम्ही दोघं त्या निळ्या भिंतीकडे बघत उभे होतो. पलीकडचे दिवे लागायची वेळ होती. मालक म्हणाले, “तितं माझी विहीर व्हती. तितं भुईमूग व्हता. आता आत काय चालतंय, कोण जाणे. माझ्याच वावरात काय चाललंय ते मला कळाया नगो?”

हे तरी खरं होतं की नाही, मला माहीत नाही. मी ते खरं धरून चालले.

आम्ही तिथे राहायला आलो ती माझी कंपनी भोसरीहून चाकणला हलली म्हणून. मी प्लॅनिंगला. कोणता माल कोणत्या गाडीने कधी निघायचा ते ठरवणं हे माझं काम. नवऱ्याची नोकरी तेव्हा नाशिकला, ते शनिवारी यायचे. प्राची, माझी मुलगी, नुकतीच दहावी झालेली. रोजचा हायवेचा ट्रॅफिक सोसण्यापेक्षा कंपनीजवळ खोली घ्यायची आणि तिला चाकणच्याच ज्युनिअर कॉलेजात घालायचं, असं मी ठरवलं. ठरवलं तेव्हा ते कागदावर फार नीट दिसत होतं.

खोल्या बघायला लागलो तेव्हा आधीच्या दोन घरमालकांनी चहा दिला, आडनाव विचारलं आणि मग खोली कालच गेल्याचं सांगितलं. मला हे नवं नव्हतं. प्राचीला होतं. तिसऱ्या ठिकाणी, मालकांच्या ओसरीवर, मी बसायच्या आधीच आडनाव सांगून टाकलं. उगाच चहा कशाला प्यायचा.

मालकांनी हात हलवला, माशी हाकलावी तसा. “आडनाव ऱ्हाऊ द्या. येतं काय तुमाला?”

मला प्रश्न कळला नाही. म्हटलं, मी याद्या करते. कधी काय निघायचं त्याच्या.

ते म्हशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी वेळापत्रक.”

“तसंच म्हणा.”

“मग या. वेळापत्रक तुमच्याकडं.”

त्यांची खोली द्यायची रीतच ती होती. बाकीचे मालक आधारकार्ड आणि कंपनीचं पत्र मागत. हेही मागत, पण नंतर. आधी माणसाला येतं काय ते बघायचं, कारण जो राहील त्याने मालकांना आठवड्यातून एकदा, एक तास शिकवायचं. अभ्यासक्रम समोर ठेवून त्यांनी खोल्या भरल्या होत्या. बीडचा एक आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन विजेच्या खोलीत. लातूरकडचे दोघं भाऊ, जे कंपनीत भट्टीवर काम करायचे, ते उष्णतेच्या खोलीत. गतीच्या खोलीत फोर्कलिफ्टवाला. ध्वनीच्या खोलीत एक मुलगा होता, तो दिवसा प्रेसशॉपला आणि सुट्टीला देहूच्या बाजूला कुठल्याशा भजनी मंडळात पखवाज वाजवायला. हेडलाइट बनवणाऱ्या कारखान्यातल्या दोन मुली प्रकाशाच्या खोलीत.

खोल्यांना नंबर नव्हते, हीच नावं होती. कुरिअरवाले आधी वैतागले, मग शिकले. दुपारी अंगणात बाइक थांबायची आणि हेल्मेटमधूनच आवाज यायचा, “उष्णतेत कोण हाय का? पार्सल.” आमच्या खोलीचं नाव ‘वेळ’ पडलं. माझ्या बँकेच्या पत्रावर काही महिने ‘वेळ, गोठ्यासमोर’ असाच पत्ता येत होता आणि पत्रं बिनचूक मिळत होती.

आता या सगळ्या मंडळींना नीट शिकवता येत होतं असं नाही. फोर्कलिफ्टवाल्याला फोर्कलिफ्ट येत होती, गतीचे नियम येत नव्हते. शिफ्ट करून आलेली पोरं आडवी व्हायची आणि मालक कॉटच्या पायथ्याशी बूट न काढता बसून राहायचे. पोरं म्हणायची, राव, माणूस सोन्यासारखा, पण डोकं खातो. दोघंतिघं त्यापायी खोली सोडून गेले. मालकांची एकच अट असे. कुणी पुस्तकी शब्द टाकला की ते बोट वर करायचे.

“नाव मागनं. आधी काम सांग.”

‘इंडक्शन’ म्हटलं की नाव नको, काम सांग. ‘अपवर्तन’ म्हटलं तरी तेच. मराठी असो, इंग्रजी असो, नावाला त्यांच्याकडे किंमत नव्हती. ती गोष्ट उठून काय करते, कुणाला ढकलते, कुणाला ओढते, ते सांगायचं. ते पटलं की मग स्वतःच विचारायचे, “बरं, हिला म्हणायचं काय?”

मी त्यांना वेळापत्रक करून दिलं. धडे, सराव, उजळणी, रंगीत पेन्सिलीने. त्यांनी ते गोठ्यात टांगलं आणि रोज सकाळी धार काढून झाली की ते त्याच्यासमोर उभे राहायचे. मला बरं वाटायचं. नंतर कळलं की ते त्याच्याकडे पंचांगासारखं बघतात. आज ‘लोलक’ आहे हे वाचायचं, आभाळाकडे बघायचं आणि म्हणायचं, “आज योग न्हाई.” मग दिवसभर भिंगं घेऊन उन्हात बसायचं.

प्रकाशाचा तास मी एकदाच पाहिला. हिवाळ्यातली संध्याकाळ होती. त्या दोन मुलींनी कंपनीच्या भंगारातला एक हेडलाइट परवानगी काढून आणला होता. विजेच्या खोलीतल्या मुलाने त्याला जुनी बॅटरी जोडली आणि गोठ्याचं दार लोटून घेतलं. काकूंनी नुकताच कडबा झटकला होता, त्याची धूळ हवेत होती. दिवा लागला आणि त्या धुळीत प्रकाशाचा एक लांब दांडा उभा राहिला, हाताने धरावा असा. मालक त्याच्यात हात घालत होते, काढत होते. मग एकीने काचेच्या बरणीत पाणी भरून मधे धरलं आणि दांडा वाकला, म्हशीच्या पाठीवरून सरकत भिंतीवरच्या माझ्या वेळापत्रकावर जाऊन थांबला. म्हैस रवंथ करत होती. पलीकडच्या कंपनीचा आवाज येत होता, पण फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. मी कपडे वाळत घालायला निघाले होते. बादली हातात घेऊन किती वेळ उभी होते, कोण जाणे. खोलीत परत गेले तेव्हा पिळलेले कपडे पुन्हा ओघळून बादलीत पाणी साचलं होतं.

अशा जागी प्राची वाढत होती आणि मला ते आवडतही होतं. पण तिच्या बारावीचा प्रश्न धुळीतल्या प्रकाशाने सुटणारा नव्हता.

ती बारावीत गेली आणि पावसाळ्यातच कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर नोकरी सोडून निगडीच्या एका क्लासला गेले. दुसरे आले नाहीत. फळ्यावरच्या वेळापत्रकात तास राहिला, वर्गात कुणी येईना. मी ऑफिसमधून सुट्टी काढून भेटायला गेले. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, जाहिरात दिलीय, पण मिळत नाही कुणी; मुलं तशीही बाहेर क्लास लावतात, तुम्हीही लावा. क्लास निगडीला. माझी शिफ्ट, तिचं कॉलेज, दोन बस, अंधार पडल्यावर हायवेवर उतरायचं. मी सगळं मांडून पाहिलं, तीन तऱ्हांनी. बसलं नाही.

आणि प्राचीला फार्मसीला जायचं होतं. ते खूळ आजोबांकडून आलेलं. माझे वडील पिंपरीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. आयुष्यभर एकाच इंजेक्शनच्या कुप्या खोक्यात भरल्या. त्याचं नाव त्यांना झोपेतही सांगता यायचं. ते शरीरात जाऊन काय करतं, असं लहानपणी प्राचीने त्यांना विचारलं, तर म्हणाले, “ते डॉक्टरला माहीत, बाळा. माझ्याकडं फक्त खोकं.” तिने तेव्हाच ठरवलं असावं. पण रसायनाशिवाय फार्मसी नाही. सहामाहीच्या पेपरात तिने अर्ध्या पानानंतर काही लिहिलंच नव्हतं.

मुलगी रडत नाही, गप्प होते. ती गप्प झाली.

थोडंफार तिने इकडून तिकडून गोळा केलं. प्लेटिंगच्या खात्यातला एक जण उष्णतेच्या खोलीत पाहुणा आला होता, त्याने तिला मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळ्यावर तांबं चढताना दाखवलं. आकडेमोड ती पुस्तकावरून शिकली. अडली ती कार्बनच्या संयुगांपाशी. त्या साखळ्या, ती कडी, पानंच्या पानं. फोनवरचे व्हिडिओ ती गोठ्यामागच्या दगडावर बसून बघायची, कारण पत्र्याखाली रेंज नव्हती. परत यायची ती आणखी गप्प.

ओळीच्या टोकाला एक खोली कायम कुलूपबंद असे. ती कार्बनची खोली. मालकांचं रसायन येत्या उन्हाळ्यात होतं आणि त्यातल्या याच भागाला त्यांना माणूस मिळाला नव्हता, म्हणून ती त्यांनी राखून ठेवली होती. रोज कुणी ना कुणी खोली विचारायला येई. मालक म्हणायचे, रिकामी न्हाई. काकू आतून म्हणायच्या, “रिकाम्या खोलीत माठ भरून ठेवत्यात, आणि मला पाणी विचारत न्हाईत.” माठ ते खरंच भरायचे, दर शनिवारी. माणूस कधी येईल सांगता येत नाही, म्हणायचे.

दिवाळीनंतर तो माणूस आला. संगमनेरकडचा, रसायनात एम.एस्सी., एका पेंटशॉपला क्वालिटीत लागलेला. मी त्या संध्याकाळी शिरा केला. वेळापत्रक नव्याने आखलं, त्यात प्राचीचं नाव लाल पेन्सिलीने घातलं. तो सभ्य मुलगा होता. मालकांना आणि प्राचीला समोरासमोर बसवून तो नोट्स सांगायचा, एका लयीत, न थांबता. मालकांनी बोट वर केलं की म्हणायचा, काका, हे असंच असतं, पाठ करा. प्राची लिहून घेत होती. निदान तिची वही भरत होती.

आठवड्याने मालकांनी त्याला स्वतःच्या चुलतभावाकडे चांगली, मोठी खोली बघून दिली, सामान ट्रॅक्टरमधून पोचवलं आणि कार्बनला परत कुलूप लावलं.

मी ऑफिसातून आले तेव्हा कळलं. तशीच गोठ्यात गेले. का घालवला म्हणून विचारलं.

“तो खोलीत ऱ्हात न्हवता,” मालक म्हणाले. “नुसता झोपत व्हता.”

माझा आवाज चढला नाही, पण काकू घरातून बाहेर आल्या, इतपत तो बदलला होता. मी म्हटलं, “मालक, तुमची परीक्षा दर वर्षी येते. माझ्या मुलीची एकदाच आहे.”

धारेची चरवी पायाशी होती, ती त्यांनी उगाच उचलून दुसऱ्या जागी ठेवली. काकू त्यांना म्हणाल्या, “ऐकलं का आता?”

त्या मुलाला घालवणं चूक होतं, हे माझं मत आजही तसंच आहे. पुढे जे झालं त्याने ते चूक ठरायचं थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राची कॉलेजातून आली तेव्हा मालक आमच्या दारात उभे होते. त्यांनी ती पितळी चावी तिच्या हातात दिली. ती मला संध्याकाळी सांगत होती, तेव्हा तिच्या आवाजात राग होता की हसू, ते मला कळलं नाही. मालक तिला म्हणाले होते, “माणूस मिळत न्हाई. आता कार्बन तुज्याकडं.”

ती म्हणाली, आजोबा, मलाच येत नाही.

“मग शीक, आन् मला सांग. आजोबा नगो म्हनू. दोघं बारावीतच हाय आपण.”

मी आयुष्यात कुणालाही असा सल्ला दिला नसता. पण दुसरा उपाय माझ्या कोणत्याच कागदावर नव्हता.

त्या खोलीत सामान नव्हतं. माठ, एक चटई, नुकत्याच चुना दिलेल्या चार भिंती. प्राची वही काढायला लागली तर मालकांनी चुलीतला कोळसा आणून दिला. कार्बनची खोली आहे, कोळशानंच लिही, भिंतीवर. काकूंनी कपाळाला हात लावला. प्राचीने भीत भीत उंबऱ्याजवळच्या कोपऱ्यात पहिला ‘सी’ काढला.

तिचं पुस्तक इंग्रजी, मालकांचं मराठी आणि मालकांना नावं चालत नसत. त्यामुळे सकाळी कॉलेजच्या रिकाम्या तासाला ती धडा वाचायची, येताना तो मनात उलटासुलटा करायची आणि दुपारी त्यातली प्रत्येक वस्तू कामासकट मालकांसमोर उभी करायची. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, कार्बनला चार हात असतात. मालक म्हणाले, मग देवच म्हन की. ती हसली. किती आठवड्यांनी हसली, ते मी मोजलं नव्हतं, पण त्या दिवशी मी घरीच होते, छपराखालच्या फटीतून मला ऐकू आलं.

बेंझिनची कडी तिने सहा जणींची फुगडी म्हणून सांगितली. हात सोडले तर पडतील, म्हणून कुणी सोडत नाही. साखळीच्या टोकाला वेगवेगळे गट लागले की पदार्थाचा स्वभाव का बदलतो, हे मात्र तिला दोन दिवस सांगता येईना. मालक दारात पोत्यावर बसून ऐकत होते. मग म्हणाले, “ट्रॅक्टर तोच. मागं नांगर जोडला तर नांगरट, ट्रॉली जोडली तर ऊस. तसं हाय का हे?”

प्राची कोळसा हातात धरून बघतच राहिली. त्या संध्याकाळी ती ते पन्नास पानांचं प्रकरण घेऊन अंगणात फिरत होती आणि प्रत्येक संयुगाला विचारत होती, तुझ्या मागे काय जोडलंय? माझ्यासोबत भाजी निवडतानाही तेच. हळूहळू ती त्यांना ‘भावा’ म्हणायला लागली, कॉलेजातली पोरं म्हणतात तसं. “काय भावा, झाला का अभ्यास?” मी तिला दटावलं. मालक म्हणाले, म्हनू द्या, मला कुनी भावा म्हनत न्हाई आता.

भिंती काळ्या होत गेल्या. उंबऱ्यापासून वर, खिडकीच्या चौकटीभोवती, मग स्टुलावर चढून छतापर्यंत. ऊन कलताना पश्चिमेच्या खिडकीतून यायचं आणि ते षट्कोन, त्या नागमोडी साखळ्या उजळायच्या. दारातून पाहिलं तर वाटायचं, कुणीतरी उडणारे पक्षी काढलेत, थवेच्या थवे.

त्याच भिंतींवर एक चूक झाली. एका साखळीत दोन कार्बन शेजारी आहेत, एकाकडे हायड्रोजन जास्त, दुसऱ्याकडे कमी. बाहेरून नवा हायड्रोजन आला तर कुणाकडे जाईल? प्राचीने घाईत वाचलं होतं. तिने सांगितलं, ज्याच्याकडे कमी त्याच्याकडे. मालकांनी मान डोलावली. “बरोबर हाय. गरिबाला मिळाया पायजे.” आणि त्यांनी उठून, स्वतःच्या हाताने, ते भिंतीवर काढलं. त्या खोलीत त्यांनी स्वतः काढलेलं तेवढंच.

जानेवारीत उजळणी करताना प्राचीला कळलं की उलटं आहे. ज्याच्याकडे आधीच जास्त, त्यालाच आणखी मिळतो. ती धावत गोठ्यात गेली. मालक धार काढत होते. त्यांनी ऐकून घेतलं, धार थांबवली आणि विचारलं, “श्रीमंतालाच?”

“हो भावा. मी चुकीचं सांगितलं होतं.”

“कशापायी?”

तिने कारण सांगितलं. कामासकट, नाव न घेता, नीट सांगितलं. त्यांना ते कळलंही. म्हणाले, पटलं. पण भिंतीवरचं पुसायला ती फडकं घेऊन गेली तर आडवे आले. “ते ऱ्हाऊ दे.” मी समजावलं, की चुकीचं डोळ्यासमोर राहिलं तर तेच लक्षात राहतं. ऐकलं नाही.

फेब्रुवारीत प्राचीचा पेपर झाला. मी गेटबाहेर पाण्याची बाटली, डबा, जादा पेनं घेऊन उभी. मालक माझ्या शेजारी, त्या वेगवेगळ्या बुटांत. प्राची बाहेर आली ती माझ्याकडे नाही, सरळ त्यांच्याकडे गेली.

“तेच आलं होतं,” ती म्हणाली. “मी श्रीमंताला देऊन आले.”

मालकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तू तरी काय करणार, पोरी.”

तिचा निकाल चांगला लागला. सीईटीही निभावली. फार्मसीला नंबर लागला, पुण्यात. मी पेढे वाटले, खोलीवार. तोवर मालकांचा पेपरही होऊन गेला होता. त्या दिवशी प्राची त्यांना केंद्रावर सोडायला गेली होती. परत येताना ते खुशीत होते. मी विचारलं, तो प्रश्न आला का? आला होता.

“मग?”

“गरिबाला दिला.”

“पण तुम्हाला माहीत होतं ना खरं काय ते?”

“म्हाईत हाय की. कळलंय मला. पण मी न्हाई लिवणार तसं.” आणि वाकून बुटाची नाडी बांधायला लागले.

रसायनात ते नापास झाले. फक्त त्या प्रश्नामुळे नाही, बाकीही बरंच चुकलं असणार. प्राची निकाल सांगायला गेली तेव्हा तिचेच डोळे भरले होते. मालक म्हणाले, बरं झालं, खोली ऱ्हायली. आणि चावी परत घेईनात, म्हणाले, माझ्याकडं दुसरी हाय.

आम्ही थेरगावला आलो, नवऱ्याची बदली झाली, फ्लॅट झाला. चावी परत करायची आहे, हे माझ्या यादीत दर महिन्याला पहिलं लिहिलेलं असतं.

गेल्या सुट्टीत प्राची हॉस्टेलवरून आली आणि म्हणाली, चल, भावाकडे जाऊ. बसने गेलो. गाव आणखी आत सरकलंय, कंपन्या आणखी पुढे आल्यात. खोल्या त्याच. सगळ्या ओळीला नवा चुना होता, फक्त टोकाच्या खोलीला नव्हता. प्राचीने कुलूप उघडलं. आत माठ भरलेला होता.

कोळसा फिका झाला होता, पण सगळं होतं. गरिबाला दिलेला तो हायड्रोजनही. मालक आले, पोत्यावर बसले. आता पाठ जास्त वाकलीय. काकूंनी चहा आणला आणि म्हणाल्या, “घ्या, आलं तुमचं कालेज.” प्राचीने खिशातून कोळसा काढला, वाटेत काकूंच्या चुलीजवळून उचललेला. खिडकीखाली एक कोपरा रिकामा राहिला होता. तिथे ती एक चौकोनी कडी काढायला लागली, तिला चिकटून दुसरी पाच टोकांची. म्हणाली, हे आजोबांचं औषध. जे ते खोक्यात भरायचे.

मालक मान हलवत ऐकत होते. थोड्या वेळाने मान हलायची थांबली. त्यांना उन्हात डुलकी लागली होती. प्राचीने माझ्याकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

पाचची बस होती. मी परतीच्या वेळा बघून ठेवल्या होत्या. ऊन त्या भिंतीवरून सरकत होतं आणि पलीकडून कंपनीचा तो घुमणारा आवाज येत होता, जो आता मला पुन्हा ऐकू यायला लागला होता. मी चप्पल काढली आणि उंबऱ्यात, मालकांच्या शेजारी, खाली बसले.

“थांबू नको,” मी तिला म्हटलं. “नाव मला माहीत आहे. काम सांग.”